या, उभं ऱ्हावा

हे आत्ताच सांगायला पाहिजे. आत्ता म्हणजे आत्ताच, कारण माझ्या समोरच्या फळीवर काचेची एक बारीक नळी उभी आहे, तिच्यात माझं रक्त आहे, आणि शेजारी गजराचं घड्याळ लावलंय. तासाभरानं गजर होईल. तेवढ्यात मला हे टाइप करून संपवायचंय. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास आहे मी, होईल. चुका झाल्या तर खोडत बसणार नाही.

बघा, पहिल्याच दमात 'बसणार' लिहिलं. हा शब्द काकींच्या घरात चालत नव्हता.

आणखी एक. मी मागं वळून बघायचं नाही असं ठरवलंय. का, ते शेवटी कळेल.

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. मी आष्ट्याची. मिरजेत एका डॉक्टरांच्या रक्त-लघवी तपासायच्या दवाखान्यात रिपोर्ट टाइप करायची नोकरी लागली. पहिले दोन-तीन महिने एसटीनं जाऊन-येऊन केलं, मग त्यांची मागची खोली भाड्यानं मिळाली. वडील ट्रंक घेऊन मला सोडायला आले होते. काकींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, उभं ऱ्हावा."

आम्हाला वाटलं रागावल्यात. पण आवाज तर गोड, आणि पाण्याचा तांब्यापण लगेच पुढं केला. वडील टेकायला जागा शोधायला लागले. खुर्ची नाही, बाक नाही, खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. पाट होते, पण तोंडं भिंतीकडं करून उभे केलेले, शिक्षा दिल्यासारखे. चूलसुद्धा विटांवर चढवून कमरेएवढी उंच. वडिलांनी उभ्यानं चहा घेतला, उभ्यानं भाडं ठरवलं, आणि जाताना दारात माझ्या कानाशी म्हणाले, "बाई चांगली हाय. पन घरात काय झालंय का ते जरा इचार कुनाला तरी."

मला कुणाला विचारायची गरज नव्हती. दार उघडल्याबरोबर मी ओळखलं होतं, ह्या त्याच. दोनच महिन्यांपूर्वी त्या दवाखान्यात आल्या होत्या आणि मी तिथंच कोपऱ्यात मशीनवर होते.

त्यांना सांधेवात होता. म्हातारपणाचा गुडघेदुखीचा नाही, दुसरा. चाळिशीच्या आतसुद्धा धरतो तो, आणि आधी हात धरतो. बोटांची पेरं सुजलेली, आणि सगळी बोटं एका अंगाला कललेली, वाऱ्यानं ऊस पडतो ना, तशी. त्या दिवशी डॉक्टरांनी नळी हातात धरून त्यांना समजावून सांगितलं होतं. निरोगी माणसाचं रक्त असं उभ्या नळीत ठेवलं, तर त्यातला लाल भाग हळूहळू खाली बसतो. अंगात कुठं सूज धुमसत असेल तर तो भराभर खाली बसतो आणि वर नुसतं पिवळं पाणी राहतं. तासाभरात किती खाली गेला ते मोजायचं. "रक्त बसलं की समजायचं आजार उठला," असं डॉक्टर सगळ्यांनाच सांगायचे. त्यांचं ते आवडतं वाक्य होतं.

मग त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "बाई, तुमचं रक्त फार लवकर बसतंय."

काकी स्टुलावर होत्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मी टाइप करायची थांबले.

"तुमास्नी कुनी सांगितलं?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टर हसले. "कोण सांगणार? नळीनं सांगितलं."

"नळीला ठाव हाय?"

"नळीला सगळं माहीत असतं."

काकी उठल्या. पदर सारखा केला. आणि त्या दिवसापासून बसल्या नाहीत.

नळीला काय ठाऊक होतं ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. माझे केस विंचरताना सांगितलं त्यांनी, अर्थात दोघी उभ्याच. त्यांचं सासर माण तालुक्यातलं. तिकडं देवाचं उभ्याचं नवरात करतात. दिवाळीच्या पाडव्यापासनं तुळशीच्या लग्नापर्यंत बसायचं नाही. नवी सून म्हणून ते ह्यांच्या अंगावर आलं. शेवटच्या दिवशी दुपारी सगळे देवळात गेले, काकी घरात एकट्या होत्या, पाय थरथरायला लागले, आणि जात्याच्या कडेला त्या टेकल्या. "डोळ्याचं पातं लवंस्तवर. कुनी बगितलं न्हाई. कुत्रं सुदिक नव्हतं दारात." पुढं कितीतरी वर्षांनी बोटं सुजायला लागली, तेव्हा पहिल्यांदा दुखलं ते जातं ओढतानाच.

"मी बसले ते माझ्या रगतानं बगितलं हुतं," काकी म्हणाल्या. "त्येच शिकलंय माझ्याकडनं."

केसांतला कंगवा थांबला होता.

पण त्या काही उदास बाई होत्या असं समजू नका, लय मजेशीर होत्या. त्यांचे नियम ऐकाल तर हसाल. 'बस' हा शब्द बंद, एसटीला एसटीच म्हणायचं. बाजारात गुळाचा भाव बसला असं शेजारी म्हणाला तर काकी म्हणायच्या, "निजला म्हन की बाबा." एकदा सर्दीनं माझा आवाज बसला आणि मी तसं बोलून गेले, तर त्यांनी तीन वेळा माझ्यावरनं मीठ उतरून चुलीत टाकलं. नवरात्रात शेजारी घट बसायचे, आमच्याकडं घट 'यायचे'. आता तुमच्या मनात जे आलंय ते मीपण विचारलं होतं. मग परसाकडं कसं करता? काकी म्हणाल्या, "टेकलं तर बसलं. टेकलंच न्हाई, तर त्येला बसनं म्हनत न्हाईत बाय, त्येला जानं म्हन्त्यात."

त्यांचे मिस्टर मिल्ट्रीत. वर्षातनं एकदा यायचे, गप्प माणूस. त्यांना एकदा मी विचारलं, काका, तुम्हाला ह्याचा त्रास नाही होत? म्हणाले, "तितं बी सावधान, हितं बी सावधान. फरक एवडाच की हितं जेवान बरं असतंय."

हसायचं सगळं ठीक, पण पहाटेचं मला कधी हसण्यावारी नेता आलं नाही.

उभं चालतं, आडवं चालतं, मधलं चालत नाही, असा नियम. म्हणजे उठताना बसून उठायचं नाही. ह्या आजारात तर सकाळी अंग लाकडासारखं होतं, मूठसुद्धा मिटत नाही. त्यांनी तुळईला एक दोर बांधला होता. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी, उजाडताना, मी पाणी घ्यायला मधल्या घरात आले आणि बघितलं. काकी घोंगड्यावर उताण्या. दोन्ही मनगटांना दोराचा वेढा, कारण बोटांनी धरता येत नव्हतं. आणि त्या उठत होत्या. कमरेत न वाकता. फळी उचलावी तसं सगळं अंग टाचांवर वर येत होतं, सावकाश, आणि दोर कुरकुरत होता. तोंडातनं हूं का चूं नाही. पूर्ण उभ्या झाल्या, दोरातनं हात सोडवले आणि अंधारातच मला म्हणाल्या, "च्या ठिवू का गं?"

त्यानंतर मी पहाटे मधल्या घरात गेले नाही. आवाज मात्र यायचा. दोराचा आवाज मला अजून कुठंही ओळखू येईल.

आत्तासुद्धा मागं काहीतरी कुरकुरलं. नाही बघत.

दर महिन्याला काकी रक्त द्यायला यायच्या. आमचा लॅबवाला आण्णा, सांगलीकडचा जैनाचा मुलगा, काचेच्या नळीनं तोंडानं रक्त वर ओढायचा, नळी स्टँडात उभी करायचा, गजर लावायचा. बाकीचे लोक रक्त देऊन निघून जायचे. काकी नाही. त्या तासभर टेबलापाशी नळीसमोर उभ्या. पोराचा पेपर चालू असताना आई शाळेबाहेर उभी राहते, तशा. आण्णा चेष्टा करायचा, "आवं काकी, जावा की भाजी घिऊन या. मी बघतो त्येच्याकडं, पळून न्हाई जात."

"तू बग तुझ्या बाटल्यांकडं. त्येला माझी वळख हाय."

आणि आता मी जे सांगणार आहे ते मी स्वतः बघितलंय. पहिला अर्धा तास रेघ चांगली असायची, वरनं जराशीच खाली. मग काकींचे पाय भरून यायचे. त्या डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवायच्या आणि थोडासा भार द्यायच्या. आणि रेघ घसरायला लागायची. डोळ्यांदेखत. त्या दचकून हात उचलायच्या, ताठ व्हायच्या. रेघ मंदावायची. परत टेकल्या, परत घसरली. तिसऱ्या महिन्यात मी आण्णाला हाक मारून दाखवलं. आण्णा एरवी बडबडतो. तो बघून सरळ हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते त्याचे.

रिपोर्ट दर वेळी वाईट. डॉक्टर गोळ्या वाढवत होते. गोळ्यांनी काकींचं तोंड गोल झालं होतं, आणि पायांच्या घोट्यांवर सूज, ती मात्र आजाराची नव्हे, उभं राहिल्याची. डॉक्टर म्हणाले, "हात आजारानं नेले, ते मी समजू शकतो. पाय तुम्ही स्वतः घालवताय. अशाच उभ्या राहिलात तर वर्षभरात उभंच राहता येणार नाही."

"रगत उभं ऱ्हाऊ दे," काकी म्हणाल्या. "त्येच्या मागनं मी बसते."

मग पेन्सिलीचं झालं. एका महिन्यात डॉक्टर कशाला तरी बाहेर आले, टेबलावर पेन्सिल ठेवली, आणि पेन्सिल घरंगळत काकींकडं गेली. त्यांनी ती उचलून परत ठेवली. परत गेली. मग त्यांनी खाली वाकून बघितलं. टेबलाचा एक पाय आखूड होता. काकी टेकल्या की टेबल कलत होतं.

मी डॉक्टरांना एवढं खूश कधी बघितलं नाही. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, नळी जराशी जरी कलली तरी रक्त भरभर बसतं, हे तर पुस्तकात आहे, आपल्या लक्षात कसं आलं नाही. मग काकींकडं वळून, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "बाई, ह्यात देवाचं काही नाही. तुम्ही टेकता, म्हणून टेबल कलतं. टेबल कललं की नळी कलते. नळी कलली की रक्त बसतं. कळलं?"

काकींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मंग मी काय येगळं म्हन्त हुते? मी टेकले की त्ये बसतंय."

डॉक्टरांनी पेन्सिल उचलून खिशाला लावली. आण्णानं तोंड फिरवलं. सुताराला बोलावून भिंतीत ही फळी ठोकून घेतली, जिच्यावर आत्ता माझी नळी आहे. हिला कुणी टेकू शकत नाही.

फळीवरचा पहिला रिपोर्ट पुष्कळ बरा आला. डॉक्टर म्हणाले, आता बसा. काकींनी विचार केला आणि एक अट घातली. "सकाळी रगत देते आनि घरी जाते. तितं मी बसते, हितं त्ये उभं. मदी कुनी टेबल न्हाई, कुनी टेकू न्हाई. बगू कोन कुनाचं आयकतंय." डॉक्टरांना ही अट फारच आवडली. मला त्यांच्याबरोबर घरी पाठवलं.

काकींनी एक पाट भिंतीपासनं फिरवला. मी काखेत हात घालून धरलं होतं. गुडघे असे वाजले की बाहेरच्या मांजरानं आत बघितलं. आणि त्या बसल्या. नवऱ्या मुलीसारख्या, खाली मान घालून, हात मांडीवर. थोड्या वेळानं मान वर करून त्यांनी चारी बाजूला बघितलं.

"घर केवडं उंच झालं गं," त्या म्हणाल्या.

मग त्यांना भांड्यांच्या फळीच्या खालच्या बाजूला जळमट दिसलं, चुलीच्या विटांमधे कधीचा हरवलेला चमचा दिसला. मी भाकरी वाढली. बसून भाकरी खाताना त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण चावणं थांबलं नव्हतं. मधेच म्हणाल्या, "तितं काय चाललं आसंल?" आणि हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. कुणीतरी लांबनं ओळख दिल्यावर हसतात, तसं होतं ते.

तास झाल्यावर मी दवाखान्यात पळत गेले. डॉक्टर आणि आण्णा दोघं फळीसमोर उभे. नळीत रक्त होतं तसंच होतं. रेघच नव्हती. केसभरसुद्धा खाली आलं नव्हतं.

"गोठलंय," आण्णा म्हणाला. "रगत गोठू नये म्हनून घालतो त्ये औषध कमी पडलं आसंल. असं हुतं कवा कवा." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्या हातनं आजपातुर झालं नव्हतं."

मी विचारलं, घरी काय सांगू? डॉक्टरांनी चष्मा पुसून परत लावला. "जे दिसतंय ते सांग. रक्त हललं नाही म्हणावं. खोटं नाही ते."

मी सांगितलं. काकी अजून पाटावरच होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मी बसले, तर त्ये उभं ऱ्हायलं. ड्यूटी बदलली."

त्यानंतर त्या सगळ्यांसारख्या बसायला लागल्या. दोर काढून टाकला. पायांची सूज उतरली. रक्त मात्र परत दिलं नाही. म्हणायच्या, उभं हाय त्येला कशाला हलवायचं. डॉक्टर आधी चिडले, मग आकड्याशिवाय इलाज करायला शिकले. मनगटं दाबून बघायचे आणि एकच विचारायचे, "सकाळी मूठ कधी मिटते?" दूध येतं तेव्हा मिटते, म्हणजे बरं. दुपार होते, म्हणजे आजार जागा आहे. म्हणाले, आकडा काय, तो वाटेवरचा दगड. गाव अजून कुठं आहे ते पायालाच कळतं.

ह्याला दोन वर्षं झाली. आणि आता माझं.

गेले काही आठवडे सकाळी माझी मूठ मिटत नाही. दूध येऊन जातं, भांडी होतात, तरी नाही. आधी वाटलं टाइपिंगमुळं. मग दोन्ही हातांची मधली पेरं सुजली. मला ह्या बोटांवरच पोट भरायचंय, म्हणून लपवत होते. काकींनी मी कणीक मळताना बघितलं. रात्री एवढंच म्हणाल्या, "माझं तुज्यावर बसलं." मी म्हटलं, काकी, डॉक्टर म्हणतात हा आजार असा लागत नाही कुणाचा कुणाला. "डाक्टरला नळीतलं कळतं," त्या म्हणाल्या.

आज सकाळी मी रक्त द्यायला निघाले तर त्या बरोबर आल्या. आण्णानं नळी फळीवर लावली, गजर लावला. मी काय करावं न कळून उभीच राहिले. काकींनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलं. "तुजं वय हाय व्हय उभं ऱ्हायाचं? बस तू. टाइप कर. मी हाय."

त्यांनी कुणाला 'बस' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून त्या माझ्या मागं उभ्या आहेत. कशालाही न टेकता. म्हणून मी वळत नाही. मघाशी कुरकुरलं ते लाकूड नव्हतं, गुडघे होते. ते ऐकू येऊ नये म्हणून मी मशीन जोरात वाजवतेय. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येतोय. गजराला अजून थोडा वेळ आहे, आणि रेघ खरंच अगदी वर आहे, इथनं दिसतेय. टेबल नाही, टेकू नाही, काही नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील, तुझा आजार अजून कोवळा आहे. तसंही असेल. आणि रेघ अशीच वर राहायला पाहिजे असेल तर मला एवढंच करायचंय. गप्प राहायचं. अजून थोडा वेळ.

आत्ता त्यांनी "आई गं" म्हटलं. माझ्यासाठी नाही, स्वतःशी.

हात थांबवला होता. आता परत टाइप करतेय. मी वळले आणि म्हटलं, "काकी, बसा."

"अजून येळ हाय."

"असू दे. रक्ताला बसायचं ते बसू दे. तुम्ही बसा."

मी माझी खुर्ची त्यांना दिली. त्या बसताना मी त्यांच्याकडं बघायला पाहिजे होतं, पण नजर नळीकडं गेली. त्या टेकल्या, आणि रेघ हलली. की माझे डोळेच हलले, देव जाणे. मी हे आता उभ्यानं टाइप करतेय, मशीनवर वाकून, आणि काकी माझ्याकडं बघतायत. गजर होईलच एवढ्यात.

तुमच्या घरात, ओळखीत, असं कधी झालंय का? तुमचं काहीतरी सावरून धरायला कुणी असं उभं राहिलं, आणि तुम्ही त्यांना 'बसा' म्हटलंत? मग पुढं काय झालं?